आधी बघायचं, मग धुवायचं

गॅरेजात बाई काय करत होती, हे लोक पहिलं विचारतात. धूत होती. इंजिन उघडलं की सुटे भाग रॉकेलच्या परातीत टाकायचे, ब्रशने घासायचे, फडक्याने पुसायचे आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फळीवर मांडून ठेवायचे. त्याआधी मी कळव्याला मिठागरात डोक्यावरून मीठ वाहत होते. हातपाय मिठानेच फुटलेले होते, रॉकेल त्यांचं आणखी काय वाकडं करणार होतं? माझा नवरा हेल्पर होता, पास्कल मिस्त्रींच्या गॅरेजात. तो तापाने गेला. आठवड्याने मिस्त्री घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "तारे, येतेस का कामाला?" मी गेले. त्यात शूरपणा नव्हता. घरात दोन पोरं होती.

दिवाळी अंकवाल्यांनी आयुष्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही. कामाबद्दल लिहिते, त्यातही एकाच प्रकारच्या कामाबद्दल, कारण ते करताना मला सगळ्यात जास्त शीण आला.

लढाई संपली होती, गोरे साहेब चंबूगबाळं आवरून बोटीत बसत होते. त्यांच्या गाड्या इथेच राहिल्या. त्यात काही दोन सीटांच्या, लांब नाकाच्या, कापडी टपाच्या गाड्या होत्या. आम्ही त्यांना 'पळत्या' म्हणायचो. गिरणीवाल्यांची, वखारवाल्यांची पोरं त्यांच्यासाठी वेडी झाली होती. विमानाच्या धावपट्टीवर शर्यती लागायच्या तिथे जायचं, नाहीतर आग्रा रोडवर भिवंडीपर्यंत पळवून यायचं. पण या गाड्यांचं इंजिन नाजूक. फुटलं की विलायतेहून दुसरं येत नसे. मग जे मिळेल ते बसवायचं. कल्याणच्या लष्करी छावणीतून लिलावात इंजिनांचा ढीग बाहेर आला होता, त्यातलं एखादं. टॅक्सीचं, छोट्या घरगुती गाडीचं, काहीही. बसवण्यात गुन्हा नव्हता. गाडी विकताना ते सांगायचं नाही, हा गुन्हा होता. म्हणून घेणारा गाडी आमच्याकडे आणायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, इंजिन मूळचं आहे का बघून द्या."

ते कसं बघतात, सांगते. इंजिनावर नंबर असतो, कागदावर असतो. दोन्ही जुळले म्हणजे झालं असं माणसाला वाटतं. तसं नसतं. नंबर कानशीने घासून नवा ठोकता येतो. ठोकलेला आकडा एक खोल एक उथळ असतो, एखादा तिरका असतो. नंबर पत्र्याच्या पट्टीवर असेल तर ती ज्या खिळ्यांनी ठोकली ते रिबिट बघायचे, पट्टी जुनी आणि रिबिट नवे असं नको. मग इंजिन ज्यावर बसतं ते पाय बघायचे. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवताना भोकं ओढून मोठी करावी लागतात, खाली पट्ट्या घालाव्या लागतात. हे सगळं मिस्त्री बघायचे.

माझ्याकडे मळ बघायचं काम होतं. गाडी दहा वर्षं चालली तर तिच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर एकच मळ बसतो. खाली घाटातली लाल माती, वर खाडीकडची काळी, वर तेल, वर धूळ. ब्लेडने खरवडलं की थर दिसतात. सांगाड्यावर एक थर आणि इंजिनावर दुसराच, म्हणजे दोघांचा संसार अलीकडचा. म्हणून आमच्याकडे एक नियम होता. बाकीच्या सगळ्या गाड्या आधी धुवायच्या, पण तपासायची गाडी आधी बघायची, मग धुवायची. मिस्त्री हा नियम फार कडक पाळत. विकणारे मात्र गाडी चकचकीत धुऊन आणायचे. मिस्त्री म्हणायचे, "आंघोळ घालून आणलंय, म्हणजे मयत तरी हाय नायतर लगीन तरी."

एकदा एका पळतीच्या इंजिनात, पाणी फिरतं त्या पोकळीत, पांढरी पापडी निघाली. मिस्त्री म्हणाले चुना आहे, विहिरीचं जड पाणी वापरलं असेल. मी बोटाने खरवडून जिभेला लावली. मीठ. ते इंजिन कुठल्यातरी लाँचवर होतं, खाडीचं पाणी पिऊन गार होत होतं. मिस्त्री हसून म्हणाले, "जीभ हाय का कानस?" घेणाऱ्याला सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली आणि संध्याकाळी तीच गाडी घेऊन गेला. म्हणाला, "रंग छान आहे."

असे बरेच होते. विचारायला यायचे, ऐकायला नाही. मूळचं आहे म्हटलं तर खूश. नाही म्हटलं तर आमच्यावर राग. मग मी बोलणंच सोडलं. जे दिसतं ते दाखवायचं, घेणाऱ्याने डोळे उघडायचे की नाही ते त्याचं त्याने बघायचं. तरीही एका गाडीबद्दल मला आजही वाटतं की आधी बघायचा आमचा नियमच आडवा आला.

कल्याणचे एक डॉक्टर होते. मोठी घरगुती गाडी होती त्यांच्याकडे आणि एक लाल पळती. ते वारून दोन वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी लाल गाडी विकायला काढली. घ्यायला ठाण्याचा रमणिकशेठ तयार झाला. पंचविशीचा पोरगा, बापाची लाकडाची वखार. त्याने कागदावरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर ताडून बघितला. जुळला नाही. शेठ लगेच बाईंना म्हणाला, डॉक्टर गेल्यापासून गाडी कोणाच्या ताब्यात आहे? गणपतच्या. गणपत त्यांचा ड्रायव्हर. बाईंना मोठ्या गाडीतून न्यायचं आणि लाल गाडी आठ दिवसांनी एकदा चालू करून पुसून ठेवायची, हे त्याचं काम. झालं. गणपतने मूळ इंजिन विकून भंगारातलं बसवलं, असा हिशेब शेठने मांडला आणि बाईंना तो पटला. छावणीचा चोरबाजार कल्याणात घराशेजारीच होता, तेव्हा कोणालाही पटला असता.

बाई पोलिसांत जाणार होत्या. पण आधी खात्री करायची म्हणून गाडी आमच्याकडे आली. शेठ लाल गाडी चालवत आला. मागून मोठी गाडी आली, तिच्यात मागच्या सीटवर बाई आणि पुढे गणपत. ज्याच्यावर चोरीचा आळ, तोच गाडी हाकत होता. दुसरा ड्रायव्हर नव्हता.

बाई उंच, पांढऱ्या पातळातल्या, कपाळ मोकळं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. गॅरेजच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, मला दोनच गोष्टी हव्यात. इंजिन बदललं आहे का, आणि बदललं असेल तर मालक गेल्यानंतर की आधी."

"बदललं का ते सांगेन, बाईसाहेब," मिस्त्री म्हणाले. "कधी ते इंजिनाच्या मनात असलं तर."

गणपत भिंतीला टेकून उभा होता. पन्नाशीचा, आमच्याच जातीचा माणूस, कोनगावचा. मी त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

मिस्त्रींनी गाडीचं नाक उघडलं, वाकले, पाय बघितले, पट्टी बघितली. थोड्या वेळाने सरळ झाले. "बदललंय. याच कंपनीचं हाय, पण घरगुती गाडीचं. पळतीचं नाय. काम चांगल्या हातानं केलंय."

"बघा," शेठ बाईंना म्हणाला. "मी सांगत होतो ना. ये आदमी चोर है."

बाई गणपतकडे वळल्या. "तुला काही सांगायचं आहे?"

"नाय, बाईसाहेब."

"नाही म्हणजे काय? चोरी केलीस की नाही केलीस?"

"नाय केली. बाकी सांगायचं काय नाय."

हे मी एरवी कोणाकडून ऐकलं असतं तर त्याला चोरच म्हटलं असतं. निर्दोष माणूस निदान शिव्या देतो.

मिस्त्रींनी मला खूण केली. मी ब्लेड घेऊन वाकले. सांगाड्यावर आणि इंजिनावर वरचा मळ एकच होता, पण दोन वर्षं गाडी शेडमध्येच होती, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. पट्टीच्या वर इंजिनाचा एक सपाट भाग होता. तिथे शेंदूर होता, तेलात कालवलेला, मारुतीला लावतात तसा जाड, वर धूळ बसलेली.

"हा शेंदूर कोणाचा?" मी विचारलं.

"माझा," गणपत म्हणाला. "दसऱ्याला गाडीची पूजा करतो. साहेब गेल्यापासून मीच करतो."

"साहेब होते तेव्हा?"

बाईच म्हणाल्या, "तेव्हा मी करत होते. यांना टपावर, रंगावर कुंकवाचा डाग चालत नसे. म्हणून इंजिनाला लावायची. ते गेल्यावर मी कुंकवाला हात कसा लावणार? गणपतला सांगितलं, तू कर."

हे त्या अगदी सरळ बोलल्या. पुढे काय करायचं ते मला कळलं. शेंदूर दोन दसऱ्यांचा. त्याच्या खाली काय आहे, एवढंच बघायचं होतं. खाली कोरं लोखंड असेल तर इंजिन डॉक्टर गेल्यानंतर आलं. रॉकेल लावलं असतं तर वरचं खालचं सगळं एक झालं असतं. मी ब्लेड आडवं धरलं आणि शेंदराची खपली कडेने उचलायला लागले. तेलाने ती जाड झाली होती, पापडासारखी सुटत होती.

खाली लाल होतं. काळपट लाल. जुनं कुंकू तेलात मुरलं की तसं दिसतं.

"कुंकू हाय," मी म्हटलं.

"त्याने काय होतं?" शेठ म्हणाला. "बसला कुंकू, ट्रकला कुंकू, कोणाच्या इंजिनाला नसतं? ज्या गाडीतून हे इंजिन चोरलं त्या गाडीचं असेल."

तो बोलला ते खरं होतं. मी खपली पूर्ण काढली. खाली स्वस्तिक नव्हतं, टिळाही नव्हता. दोन लांबट थेंब होते, एकाशेजारी एक, वर टोकदार आणि खाली गोल. त्यांच्याखाली आणखी दोन. मला वाटलं, हातातून कुंकू सांडलं असेल.

"चार थेंब आहेत," मी म्हटलं. "निशाणी नाय काय."

"सरक," बाई म्हणाल्या.

त्या पुढे आल्या, पदर सावरून वाकल्या. गॅरेजात वाकायची सवय नसलेलं माणूस वाकलं की कुठेतरी तेल लागतंच, त्यांच्या बाहीला लागलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग करंगळी त्या थेंबांच्या अगदी जवळ नेली, टेकवली नाही.

"गोपद्मं आहेत," त्या म्हणाल्या.

मिस्त्री ख्रिस्ती, त्यांना कळलं नाही. मलाही नीटसं कळलं नाही, आमच्यात चातुर्मासात कोणी गोपद्मं काढत नाही. बाईंनीच सांगितलं, पण आम्हाला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. "गाईची पावलं. आईने शिकवलं होतं. गाय संध्याकाळी घरी परत येते. गाडीवर स्वस्तिक सगळेच काढतात. मी ही काढायची. जाईल तिथून परत यावी म्हणून."

म्हणजे ते इंजिन डॉक्टर जिवंत असतानाच या गाडीत आलं होतं. गणपत सुटला. मला वाटलं, आता गणपत भिंतीवरून पाठ काढेल. त्याने डोळे मिटून घेतले.

बाई सरळ झाल्या. "एका दसऱ्याला मी नाक उघडलं तेव्हा इंजिन कोरं होतं," त्या म्हणाल्या. "आदल्या वर्षीची पावलं नव्हती. मी यांना विचारलं. म्हणाले, मुंबईला गाडी धुऊन रंगवून आणली. महिनाभर गाडी घरी नव्हती, म्हणून पटलं." मग गणपतकडे न बघता म्हणाल्या, "काय झालं होतं?"

"बाईसाहेब, जाऊ द्या."

"काय झालं होतं, गणपत?"

"कसाऱ्याच्या पुढं, घाटात. शर्यत लावली होती साहेबांनी. दोघातिघांनी. पिस्टनचा दांडा तुटला नि इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. गाडी कठड्याला लागून उभी राहिली. मी मागून मोठी गाडी घेऊन गेलो होतो. मीच ओढून आणली."

"मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती त्यांनी, शर्यत लावणार नाही म्हणून," बाई म्हणाल्या.

"हो, बाईसाहेब."

"ती शपथ घेतली त्याच्या आधी की नंतर?"

गणपतने मान खाली घातली. उत्तर सगळ्यांना कळलं. मिस्त्रींनी विनाकारण एक पाना उचलून परत ठेवला.

"पोलिसांत जाते म्हटलं तरी बोलला नाहीस."

"काय बोलणार? मेलेल्या माणसावर ढकलतो असं तुम्हीच म्हणाला असता. आणि खरं वाटलं असतं तर आणखी वाईट."

बाईंनी मान हलवली. त्या हुशार होत्या, त्यांना तेही कळलं. म्हणाल्या, "चोर नाहीस तू. मी तसं म्हणाले ते चुकलं." आणि त्याच आवाजात, "पण उद्यापासून येऊ नकोस."

"बाईसाहेब?"

"रोज सकाळी तू मला नमस्कार करून गाडीचं दार उघडत होतास. रोज तुला ठाऊक होतं. मला ते आता बघवणार नाही."

त्या मिस्त्रींबरोबर आतल्या खोलीत गेल्या. शेठही मागोमाग गेला. त्याला गाडी हवीच होती, इंजिन कसलंही असो. आता त्याला भाव पाडून मिळणार होती एवढंच. जाताना मला म्हणाला, "ताराबाई, ते लाल-बिल सगळं धुऊन टाका. एकदम साफ पाहिजे."

गणपत तिथेच उभा. मी परत पाणी दिलं. या खेपेला घेतलं.

"काय गो," तो म्हणाला, "तुला धुवायचं काम हाय ना?"

"हाय."

"मग गाडी आली तशी आधीच का नाय धुतलीस?"

"धुतली असती तर तू आज चौकीत बसला असतास."

"बसलो असतो. आठ दिवस, पंधरा दिवस. चोरी सापडली नसती, सोडला असता. मग बाईसाहेबांनी चार शिव्या देऊन परत ठेवला असता. दुसरा ड्रायव्हर कुठाय त्यांना?" त्याने भांडं जमिनीवर ठेवलं. "मी गेलो असतो, आलो असतो. साहेब साहेबच राहिले असते. आता काय राहिलं?"

मला राग आला. म्हटलं, "आमच्याकडं विचारायला येता आणि दिसलं की आमच्यावरच उलटता."

"मी नव्हतो आलो विचारायला," तो म्हणाला.

ते खरं होतं. विचारायला बाई आल्या होत्या, त्यांना उत्तर मिळालं होतं. खोटं काहीच नव्हतं. मी नियमाप्रमाणे केलं होतं. पण त्या दिवशी गॅरेजातून तिघं बाहेर पडली, त्यातला फक्त शेठ आला त्यापेक्षा खूश होऊन गेला, आणि त्याला तर इंजिनाचं काही घेणंदेणंच नव्हतं. पुढे मी पुष्कळ वर्षं काम केलं. पुष्कळ गाड्या तपासल्या. दर वेळी तपासायच्या आधी मी विचारायचे, "नक्की बघू ना?" मिस्त्री चिडायचे. म्हणायचे, तू काय डॉक्टर हायस का? गिऱ्हाईक बघ म्हणालं की बघायचं. त्यांचंही बरोबर होतं.

लोक म्हणतात, खरं शेवटी बरं असतं. माझा अनुभव तसा नाही. खरं असतं एवढंच. बरं-वाईट नंतर होतं, आणि ते ज्याच्या वाट्याला येतं त्याने मागितलेलं नसतं.

बाई आतून आल्या. चेहरा धुतलेला होता, बाहीवर तेलाचा डाग तसाच होता. गणपतकडे बघून म्हणाल्या, "आज मला घरी सोड. मग किल्ली आत देऊन जा."

"जी," तो म्हणाला.

त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि मागचं दार उघडलं. त्या बसल्या. त्याने दार लावलं, आपटलं नाही, दाबून लावलं, तसं लावायचं असतं. पुढे बसला. आमच्या गॅरेजमधून आग्रा रोडला लागताना एक चढ होता, त्या चढावर नवखा ड्रायव्हर हमखास अडायचा. मी दारात उभी होते. गणपतने चढावर गिअर बदलला. वाजला नाही. मागच्या काचेतून बाईंची मान दिसत होती, गाडीला हिसका बसला असता तर ती हलली असती. हलली नाही.